पुढे कोठे जाणार

परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत
पोलिसांना कळवायचं,
हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ.
ताडीवाला रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझ्या तीन खोल्या.
हॉस्पिटल चालत सात मिनिटं,
व्हीलचेअरने अकरा,
आणि महापालिकेने मध्येच खणून ठेवलं असेल
तर देवाच्या हाती.

फेब्रुवारीत झांझिबारहून दोघं आले.
ओथमान, वय बासष्ट, वैद्यकीय व्हिसा.
झैनाबू, बहीण, वय सत्तावन्न,
व्हिसा रुग्णाच्या सोबतीचा.
दोन्ही पासपोर्ट उशाला घेतल्यासारखे मांडीवर ठेवून
मी कॉम्प्युटरपुढे बसले.
कोठून आलात. कशासाठी. किती दिवस.
पासपोर्ट अजून सहा महिने चालेल ना.
दोन कोरी पानं आहेत ना.
मला बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा
इतकं विचारलं नव्हतं.

कोरी पानं ओथमानकडे एकोणतीस होती.
माणूस पहिल्यांदाच बेट सोडून निघाला
तो थेट पुण्यात,
पोटातली गाठ दाखवायला.
फोटोत हसत नव्हता. हसलेला फोटो घेत नाहीत.
दोन बाय दोन इंच, मागे पांढरं,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
कान छान होते त्याचे.

झैनाबूशी बोलायला भाषा नव्हती.
तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आली,
कणकेच्या गोळ्याला बोट लावून म्हणाली, चपाती.
मी म्हटलं, पोळी.
मग वाटलं, जाऊ दे, एवढं काय.
चहाला चाय म्हणाली.
रिक्षाला गारी. गोळ्यांच्या पाकिटाला दावा.
माझी दुधाची वही उघडी होती,
तिच्यावर हात ठेवून, हिसाबु.
आम्ही दोघी ओट्यापाशी हसत सुटलो.
हे शब्द कधी, कोणत्या गलबतातून,
इकडून तिकडे की तिकडून इकडे
की दोन्हीकडे तिसरीकडूनच आले, देव जाणे.
लवंगांच्या पोत्यांआड बसून आले असतील.
कुणी शिक्का मारला नाही,
येण्याचा हेतू लिहून घेतला नाही,
आणि मुदत संपली म्हणून एकही परत गेला नाही.

डॉक्टरांनी तिच्या मुलाला फोनवर सांगितलं,
मुलाने तिला. मला कुणीच नाही,
पण त्या रात्री ताटं तशीच परत आली.
मी कपाट उघडून उगाचच
पासपोर्टच्या झेरॉक्स काढल्या.
ओथमान. वैध, दोन हजार चौतीसपर्यंत.

प्रवासाइतकी ताकद येईना म्हणून
मुदत वाढवायला पोलीस आयुक्तालयात गेलो,
मी आणि ती. रुग्ण खोलीवर.
टेबलामागचे खैरमोडे साहेब वाईट नव्हते.
चश्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
बाई, सोबतीची मुदत रुग्णाच्या मुदतीएवढीच.
ते व्हिसाबद्दल बोलत होते.
झैनाबूने माझ्या बाहीला धरून विचारलं, काय म्हणाले?
मी दहा बोटं दाखवली.
दहा दिवस.

आठव्या दिवशीच निघाले.
पहाटे टॅक्सीत ओथमानला उश्या लावून बसवलं.
पासपोर्ट त्याने खिशात ठेवला नाही,
हातातच धरला,
शाळेत पहिल्या दिवशी पाटी धरावी तसा.
मी वर येऊन फॉर्म बंद करायला घेतला.
पुढे कोठे जाणार,
या रकान्याला लाल चांदणी असते.
भरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही.
झांझिबार, लिहिलं मी.
बराच वेळ बघत बसले, मग पाठवलं.

एप्रिल सरता सरता एका दुपारी फोन आला.
नंबर लांबलचक.
पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास,
मागे कुठेतरी भांडी, माणसं, एक कोंबडा.
मीही काय बोलणार.
शेवटी विचारलं, झैनाबू, चपाती?
खाल्लीस का काही, असं म्हणायचं होतं.
ती थांबली.
मग अगदी हळू, ळ नीट न येता,
म्हणाली,
पोली.