जैसे थे

दहाला पाच कमी.
अशोक चौकातल्या आमच्या बँकेत, तिसऱ्या मजल्यावर,
गुंतवणूक विभाग म्हणजे मी, एक टेबलपंखा
आणि चेअरमनसाहेबांनी घरून पाठवलेला जुना टीव्ही.

मुंबईत कुणीतरी घसा खाकरला.
रेपो दर जैसे थे.
मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात
दुसऱ्या परिच्छेदात एक विशेषण आलं : सावध.
गेल्या खेपेला त्या जागी आश्वस्त होतं.

एवढंच.
दहा वर्षांचा रोखा अकरा पैसे पडला,
चहा येईपर्यंत सव्वीस.
आमच्याकडे तसले चाळीस कोटींचे,
विड्या वळून, माग चालवून लोकांनी ठेवलेल्या पैशांचे.
हिशेब केला : दहा लाख चाळीस हजार.
इतकं महाग विशेषण
शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"कागदावरचाच तोटा आहे," मी फोनवर म्हणालो.
दुडमसाहेब म्हणाले,
"येमुल, बँक दुसरी कशावर असते?"

पण सकाळी सव्वानऊलाच
सूतवाल्या बुर्गुलच्या फळ्यावर
किलोमागे चार रुपये चढलेले पाहिले होते.
खडू अजून त्याच्या हातात.
"अजून जाहीर व्हायचंय की ओ," मी म्हणालो.
"झाल्यावर वाढवलं की लोक भांडतात," तो म्हणाला.

माझ्या चुलतभावाच्या टॉवेलचा भाव
तीन वर्षं हललेला नाही.
वजन हललंय.
अंघोळीनंतर अंग पुसूनही
जेवढं ओलं राहतं
तेवढी महागाई. त्याला आकडा नाही.

दुपारी काउंटरवर माणूस नव्हता, मी बसलो.
राजमणी कोडम आली, पावती घेऊन,
बोटं तंबाखूनं पिवळी.
मी म्हणालो, पाच वर्षांला दर चांगला आहे.
तिनं पावती काचेखालून आत सरकवली, पण सोडली नाही.
"पाच वर्षांनी तांदूळ काय भाव असंल
तुमच्या टीव्हीतल्याला माहीत है का?"
नाही म्हणालो.
"मग मला कशाला बांधूलालाव?
सहा महिने टाका."
मग तिनं पावती सोडली.

संध्याकाळच्या अहवालात लिहिलं :
महागाईच्या अपेक्षा अद्याप स्थिरावलेल्या नाहीत.
खोडलं.
लिहिलं : राजमणी कोडम, सहा महिने.
तेही खोडलं,
आणि मागच्या महिन्याचंच वाक्य तारीख बदलून ठेवलं.

घरी शेंगतेलाचे दोन डबे.
"एकच सांगितला होता," मी म्हणालो.
भाग्यलता म्हणाली, "रात्री झोपेत
वाढणार, वाढणार म्हणून कोण बडबडत होतं?"

पहिला डबा पलंगाखाली गेला.
दुसरा जाईना.
मी खाली बसलो, भिंतीला पाठ लावली
आणि पायानं ढकलला.