दाढा

दातांच्या डॉक्टरनं आरसा धरला, म्हणाला,
बाई, दाढा सपाट झाल्यात पाट्यासारख्या.
रात्री काय दळता?

मी हसले.
हसताना जबडा कट्टकन वाजला.

खानापूरच्या कचेरीबाहेर चिंचेखाली माझं टेबल.
लोकांचे अर्ज कन्नडात भरून देते,
दुःख त्यांचं, अक्षर माझं, तीस रुपये.
उतारा, वारसा, रेशन, नावातली चूक.
सर्व्हर बंद पडला की आत कुणी चिडत नाही,
सगळे बाहेर येऊन माझ्यावर चिडतात.
मी "होय की, बघूया की" म्हणते
आणि दातावर दात ठेवते.

टेन्शन म्हणजे मोठ्या पगाराचं दुखणं, असं वाटायचं.
माझं नुसतं डोकं धरायचं.
नुसती तीनला झोप मोडायची.
नुसता कुकरच्या शिट्टीचा राग यायचा,
आणि पोरीनं वही पुढं केली की
वही बघायच्या आधी "आत्ता नको".
एवढे नुसते, खरं
एका कागदावर कधी लिहिले नव्हते.
गावाचं सगळं लिहिलं.

एका दुपारी पेनाखाली कागद फाटला.
इरप्पा शिपाई चहा घेऊन आला होता.
त्यानं पेन काढून घेतलं, टोपण लावलं,
"साकु, अक्का."
रसाच्या गाड्यावर, बाजारात
दिवसातून पन्नासदा ऐकलेला शब्द.
मला उद्देशून कुणी म्हटला नव्हता.

आता दीड ते दोन खुर्ची टेबलावर उलटी.
लोक बडबडतात. बडबडू देत.
फोन ड्रॉवरात टाकून मी मलप्रभेच्या पुलापर्यंत जाते.
खाली म्हशी, लांब कौलांच्या भट्टीचा धूर.
चालताना जिभेचं टोक दातांच्या मधे ठेवायचं,
डॉक्टरनं शिकवलंय.
येड्यासारखं दिसतं, खरं जबडा सुटतो,
आणि श्वास पोटापर्यंत उतरतो
जुना पत्ता आठवल्यासारखा.

शेजारच्या फिलोमिनाला सांगितलं, झोप येत नाही.
ती म्हणाली, मला पण.
मग बराच वेळ कट्ट्यावर दोघी लसूण सोलत बसलो.

अजून दळते कधी कधी.
पोरगी हलवते, "आई, जातं सुरू झालं."
मी कूस बदलते, तोंड सैल सोडते,
अंधारात स्वतःलाच म्हणते, साकु.
मराठीत पुरे म्हटलं की
भांडल्यासारखं वाटतं.