सुवाच्य अक्षरात

माझं अक्षर बरं, म्हणून नोटिसा माझ्याकडे.
टाकी धुणार, पाणी नाही.
गच्चीवर पापड वाळत घालू नयेत.
कुणाच्या तेराव्याची वेळ.
निळा स्केचपेन मजकुराला,
लाल फक्त 'आदेशावरून'ला.

काल पेडणेकर आले. सेक्रेटरी.
कमरेला पंचा, अंगात जाळीची बनियन,
गळ्यातल्या साखळीत मीटर-बॉक्सची किल्ली.
दारातच पोट खाजवत मजकूर सांगितला:
महिलांनी गाऊन घालून गेटपाशी येऊ नये,
बिल्डिंगची शोभा जाते.
नाव नको, म्हणाले,
कळेल जिला कळायचं तिला.

मी 'शोभा'तल्या भ ची गाठ
नीट, गोल काढली.

जिला म्हणजे हेमांगी तांडेल, तिसरा मजला.
टागोर नगरच्या दवाखान्यात रात्रपाळी,
सकाळी सातला घरी, सव्वासातला दुधाला खाली.
गाऊनवर पोपट. हिरवे. चोची लाल.
ह्या वयात पोपट, असं कोण म्हणालं?
मीच म्हणाले. दोन पिशव्या हातात धरून,
दोघी हसल्या म्हणून पुन्हा म्हणाले.

नवरा गेला तिचा मार्चमध्ये.
जूनमध्ये तिने केस कापले, बरगंडी केले.
जिना चढताना फोनवर मोठ्यानं हसते.
आमच्या १०४ नंबरमध्ये आवाज तळापर्यंत येतो,
कन्नमवार नगरच्या ह्या जिन्यांना काही पोटात ठेवताच येत नाही.

वालावलकरांची बायको गेली त्याच उन्हाळ्यात.
चौदाव्या दिवशी ते मिशा काळ्या करून उतरले,
नवा टी-शर्ट, घडीची रेघ तशीच छातीवर.
आम्ही म्हणालो, बरं झालं,
माणसानं सावरावं.
चार घरांतून डबे गेले. माझ्याकडून आमटी,
कोकम घातलेली.
हेमांगीला डबा कुणी दिला
ते आठवायचा प्रयत्न करतेय.
तिला येतो ना स्वयंपाक.

आणि आधी, नवरा होता तेव्हा,
लांब वेणी, सुती साडी, पायात रबरी चप्पल,
तेव्हा आम्हीच म्हणायचो,
जरा नीट राहावं बाईनं,
उगाच का तो उशिरा घरी येतो.

मीही हसायचे मोठ्यानं, लग्नाआधी.
सासूबाईंनी एकदाच सांगितलं,
रागावून नाही, भाजी निवडता निवडता:
अक्षर कसं लिहितेस सुंदर,
रेघेखाली, अंग सावरून.
तसं हसावं.

पटलं होतं मला. खरं सांगते, आवडलंसुद्धा होतं.

काल रात्री कागदावर लाल रेघ ओढली आणि पाहिलं,
'येऊ नये'तली मात्रा रेघेच्या वर होती.
'महिलांनी'तला अनुस्वार वर.
वेलांटी रेघेला नुसती टेकून पुन्हा वर उडालेली.
तीस वर्षं लिहितेय.

नोटीस फाडली नाही. असं काही झालं नाही.

सकाळी लावायला खाली निघाले
आणि जिन्यात लक्षात आलं,
मीही गाऊनवरच आहे.
वर ओढणी घेतलीय तेवढी,
कधी घेतली कळलंही नाही,
हातानं आपली आपण खुंटीवरून काढलेली.

बोर्डाच्या टाचण्या गंजलेल्या, कागद घसरत होता.
तेवढ्यात ती आली. पोपट, दूध,
डोळ्यांखाली रात्रपाळी.
पिशवी पायरीवर ठेवली,
न विचारता कागदाचा कोपरा धरला.
आणि धरल्या धरल्या वाचला.

मागून पेडणेकर गेले, व्हॉल्व्ह उघडायला.
पंचा तोच.

अक्षर मात्र काय सुंदर हो तुमचं,
ती म्हणाली.
कोपरा सोडला नाही.

माझ्या एका हातात टाचणी,
खांद्यावरून ओढणी घसरत चाललेली,
आणि ती थांबलेली, कागद धरून,
मी टोचायची वाट बघत.