सुवेहानला निघायच्या आदल्या रात्री

पाण्याचे चार कॅन, वीस-वीस लिटरचे.
एक फक्त तिळीचा, त्यावर मार्करनं फुली मारलीय,
नाहीतर मीर दाद त्यातूनच चहा टाकतो
आणि वर म्हणतो, कुत्र्याला काय कळतं.

शिट्टी. काटे काढायचा चिमटा. गळ्यातला जीपीएस चार्जिंगला.
मेंदी संध्याकाळीच भिजवली.
नोव्हेंबर असला तरी दहानंतर वाळू चटके देते,
मेंदीनं तळवे टणक होतात, म्हणतात इथली म्हातारी माणसं.
ते सलूकीचं शहाणपण. या ठिपकेवाल्या पाहुणीला चालतं का,
कुणालाच माहीत नाही.
ती लावून घेते, पण नवरीसारखी नाही,
दाढ दुखणाऱ्या पेशंटसारखी.

पिंजऱ्यात सहा कबुतरं, अल ऐनच्या बाजारातली.
मरायची नाहीत. बंदूक कुणीच घेत नाही.
झुडपाआड ठेवायची, आणि तिळीला वास आला
की तिनं धावायचं नाही, भुंकायचं नाही,
एक पाय उचलून नुसतं उभं राहायचं,
शेपटी ताठ,
मालक चालत येईस्तोवर.

सगळी विद्या एवढीच.
म्हसवडच्या माळावर आमची कारवान कुत्री
ससा दिसला की सुटायची, मागे मेंढरं, मागे आम्ही पोरं.
थांबणं कुणाला ठाऊक होतं?
मी ते इथं शिकलो, एकोणीस वर्षांत,
काउंटरवर, शिक्क्यासमोर, फाटकाबाहेर.

तिळी हंगेरीहून आली. कागदावर तिचं नाव दीड ओळीचं.
तिची भाषा मला येईना, माझी तिला.
पण तिच्या खोलीला एसी, माझ्या खोलीला पंखा,
म्हणून उन्हाळाभर मी तिच्याकडेच झोपलो.
बोलायचो काहीबाही, भाकरीचं, मेहुण्याच्या कोर्टकेसचं.
ऑगस्टपर्यंत तिला कळायला लागलं:
हळू. थांब. शाब्बास.
आणि एक शिवी, जी मी शिकवलेली नाही.

चौदा तारखेला माझा व्हिसा संपतो.
आता मतरनं तिला सांभाळायचं, थोरल्या साहेबांचा मुलगा.
मतर म्हणजे पाऊस.
सुवेहानला पाऊस जितका, तितकाच हा घरी.
आज मात्र दहाला आला, चपला घालूनच मेंदीत पाय दिला,
आणि म्हणाला, शब्द शिकव.

ताम.
तिळीनं शेपूट हलवलं.
जीभ दातांना लाव, मी म्हटलं, आणि थोडा वारा सोड.
साम. टाम. ताम्ब.
मीर दाद हसून हसून बाहेर जाऊन बसला.

मी पिंजरा उचलून पिकअपकडे निघालो.
पाठीमागून आलं, स्पष्ट, खणखणीत,
हेल थेट आमच्या गावचा:
थांब!

तिळी दारात, पुढचा पाय हवेत.
मी अंगणात, पिंजरा हातात, कबुतरं एका बाजूला कलंडलेली.
पोरगा आळीपाळीनं
दोघांकडे बघत राहिला.

मग हळूच विचारलं,
आणि सोडायचं असेल तर काय म्हणायचं?

ते उद्या, मी म्हटलं. तिथं रानात.

कॅन पुन्हा मोजले. चार.
चिमटा सापडेना.
माझ्याच शर्टाच्या खिशात होता.