फोटो क्रमांक चार

धारूरहून नसीमा फोटो पाठवते.
सीताफळाचं पान, त्यावर शिलाईची टेप,
टेपच्या दोन रेघांत मावून
वर जागा उरेल एवढा किडा.

ढालकिडा, एवढं तिला ठाऊक आहे.
ठिपकेवाले ती आता विचारत नाही.
नागमोडी रेघेचा, सहा ठिपक्यांचा, तीन पट्ट्यांचा,
ब्लाउजपीस ओळखावेत तसे ओळखते.
अडतं ते या तपकिरी बारक्यांपाशी.
अंगावर लव, नक्षी काही नाही,
जणू बाजरीचा कोंडा.

मी अंबाजोगाईत, लाइट जायच्या आत
फोटो मोठा करत जातो.
फार मोठा केला की किडा विरघळतो,
नुसते चौकोन उरतात.
मिशीला पेरं किती? दहा?
की नऊ, आणि एक सावली?
नक्की सांगायचं तर नर हवा,
स्पिरिटमधला, पोट उघडून.
हे मी तिला एकदा कळवलं होतं.
म्हणाली, मग राहू द्या सर,
नाव नसलं तरी जेवतोच आहे तो.

आज सहा फोटो.
वहीत लिहिलं, स्किम्नस, पुढे प्रश्नचिन्ह.
शेजारी पिठ्या ढेकूण, दोन.
त्याचं जेवण.

चहा ठेवून आलो आणि पुन्हा पाहिलं.
तिसऱ्या फोटोत त्यातला एक
शिरेच्या अलीकडे.
चौथ्यात पलीकडे.
मध्ये अकरा सेकंद, तिच्याच मोबाइलच्या घड्याळाने.

पिठ्या ढेकूण असा धावत नाही.
ते ढालकिड्याचं पिल्लू,
ज्यांना खायचं त्यांच्यासारखीच
मेणाची झालर पांघरलेलं.
तीस वर्षं कीटकशास्त्र शिकवलं,
आणि मी त्यालाच ताटात वाढून ठेवलं होतं.

पाचव्या फोटोत पान स्वच्छ.
तपकिरी एकटा. टेप सरळ केलेली.
कडेला नसीमाचा अंगठा,
सुईने टोचून टोचून खरबरीत,
त्याच्या टोकाला पांढरं पीठ
आणि पिठाखाली किंचित पिवळं, ओलं.

फोटो नीट यावा म्हणून
पुसून घेतलं असणार.

सहावा फारच सुरेख आलाय.
एकेक केस मोजता येतो.
खाली तिचा मेसेज,
सर, आता दिसतंय का?

मी लिहितो, खोडतो, लिहितो.
मी लिहितोय
एवढंच तिला तिकडे दिसत असेल,
मशीनवरचा पाय थांबवून.