आजारी पडायची ओळ

पहाटे पाचला चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा.
फूल उमलायच्या आत पोचायला हवं.
सोयाबीन फार लवकर उरकतं
स्वतःशीच स्वतःचं लग्न,
मिटल्या पाकळ्यांत, दार लावून.
उशीर झाला की आपण नुसते वऱ्हाडी.

इतापुआची लाल माती गुडघ्यांना लागलेली,
सव्वीस वर्षांत एकदाही पुरती निघाली नाही.
मी बसते, श्वास धरते,
कळीची टोपी काढते,
दहाही पुंकेसर उपटते,
आणि दुसऱ्या झाडाचं जांभळं फूल
कुक्षीवर टेकवते,
झोपलेल्या मुलाला तीट लावावी, तेवढंच.
मग लाल दोरा, तारीख, आणि माझं नाव: एदुविखिस.
शंभरातली सत्तर फुलं दोऱ्यासकट गळतात.

बाकीच्यांचं खरंखोटं पेरल्यावर कळतं, सातव्या दिवशी.
आई पांढऱ्या फुलाची. रोपाचा दांडा हिरवा निघाला
तर तिनं आम्हाला चकवलं, आपलंच पोटी धरलं.
दांडा जांभळा निघाला, तर
तेरुओ इवासे टोपी मागे सारतात.
त्यांच्याकडे एवढीच आरोळी.

जानेवारीत तांबेऱ्याचं शेत.
तिथे आम्ही फवारत नाही.
तिथे दर दहा ओळींनंतर एक ओळ लावायची,
हमखास आजारी पडणारी.
तिच्यावरून बुरशी उठते, दोन्हीकडे उडते,
आणि आम्ही भिंग घेऊन फिरतो.
शेजाऱ्याचा गुण लागतो म्हणतात.
आम्ही शेजार मुद्दाम देतो
आणि गुण न लागणाऱ्याला शोधतो.

त्या ओळीच्या पाटीवर नाव: कोएम्बोता.
ग्वारानीत याचा अर्थ, उजाडेलच आता.
हा वाण तेरुओंचाच. अकरा वर्षं.
हेक्टरी चार टन, वादळातही न लोळणारा.
तो बाहेर आला त्या दिवशी बँड होता, मांस भाजल्याचा धूर होता,
त्यांची आई पिरापोहून आली,
त्याच दाण्यांचा तोफू केला, सगळ्यांना वाटला.
राज्यपालांनी चीज समजून खाल्ला
आणि मीठ मागितलं.
माझा नवरा म्हणाला, संपलं ना तुमचं काम?

तिसऱ्या हंगामात तांबेरा आला.
कुणी म्हणे नदीवरून, कुणी म्हणे वाऱ्यातून.
पानं महिनाभर आधीच झडली,
शेंगांत दाणे राहिले, तिळाएवढे.

मी एकदा विचारलं होतं,
या ओळीला दुसरा एखादा वाण लावू या की.
त्यांनी चष्मा पुसला.
'इतकं प्रामाणिकपणे कोण पडेल आजारी?'
तरी पान उलटताना त्यांची बोटं मी पाहते.
ताप पाहायची रीत ती,
मनगटाच्या मागच्या बाजूनं.

ठिपका फिकट तपकिरी असला
तर बुरशीला घर मिळालं.
काळपट लाल असला
तर रोपानं स्वतःचंच थोडं पान जाळून
वाट अडवली.
हे मला त्यांनी शिकवलं. आता ते मलाच विचारतात,
लाल आहे ना गं?
डोळ्यांत मोतीबिंदू, कबूल करत नाहीत.

यंदा एकतीस दिवस पाऊस नाही.
ओळ चारशे सतरा.
हिचा बाप टपालानं आलेला,
काळ्या, बारीक, कडवट दाण्याचा, जवळजवळ रानटीच.
आई कोएम्बोता.
सहा हंगामांपूर्वीचा तो लाल दोरा माझा,
दांडा जांभळा निघालेला मला आठवतो.
आता दुपारी पानं मिटून उभी असते,
संध्याकाळी पुन्हा उघडते,
शेंगा सोडत नाही.
शेजारीच आई, खालपासून वरपर्यंत तांबडी.

मी भिंग लावलं.
लाल, म्हटलं. सगळे लाल.
त्यांनी टोपीला हात नेला, पण सारली नाही.
चारशे सतराला शिवलेही नाहीत.
वळून कोएम्बोताच्या पानांवरून तळहात फिरवला,
तो विटकरी झाला.

मी वहीत लिहिलं: ठेवा.
तेरेरेचं शिंग पुढे केलं, थंड.
त्यांनी हात न पुसताच घेतलं.