दोरी

सकाळी सातला सभागृह उघडलं.
एकतीस पोस्टर, चिकटपट्टीचे दोन रोल
आणि भिंतीला खिळा मारायचा नाही, असं प्राचार्यांचं पत्र.
सगळे फ्लेक्स शालिमारच्या त्या दुकानातले,
जो एरवी वाढदिवस छापतो.
गोदावरीच्या नकाशाभोवती
त्याने न विचारता सोनेरी महिरप घातलीये.
असू दे. नदीलाही कधीतरी.

सतरा नंबर कौसल्या भोयेचं.
तृतीय वर्ष, भूगोल, गाव पेठच्या पलीकडे,
बोलते इतकं हळू की हजेरीत दोनदा गैरहजर लागली.
'जुन्या नाशकातील आडांची पाणीपातळी.'
विभागाचा टेप कुणीतरी नेला तो नेलाच,
म्हणून दोरी मी दिलेली.
दर अर्ध्या मीटरला गाठ,
टोकाला प्रयोगशाळेतलं गंजकं वजन.
जेवणाच्या सुट्टीत बांधली, डबा बाजूला सारून.

अकराला परीक्षक आले, हातात द्राक्षांचा द्रोण.
नासर्डीच्या फेसापाशी थांबले,
उसातल्या बिबट्याच्या ठशांपाशी जास्त थांबले.
सतराला चष्मा वर केला.
"एकोणतीसच आड? आणि ही तिसावी ओळ रिकामी का?"

"सर, तिसावा आहे. म्हणजे, होता.
जूनमध्ये नऊ मीटरवर पाणी लागलं.
ऑक्टोबरात गेले तर वर फरशी,
फरशीवर दोन स्कूटर."

"मग शून्य लिहायचं."

"शून्य कसं लिहू सर?
पाणी खाली असेलच.
मला मोजता आलं नाही, एवढंच."

त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि लिहिलं,
डेटा अपुरा.
मला उलटं वाचता येतं.
बावीस वर्षं टेबलाच्या या बाजूला उभा आहे.

बक्षीस ड्रोनच्या नकाशाला गेलं.
नकाशा चांगलाच होता, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी एकेक उतरवत होतो.
सतराची खालची पट्टी सोडवायला उकिडवा बसलो,
तेव्हा मुंगीएवढ्या अक्षरांत दिसलं:
आभार. दोरीसाठी श्री. निवृत्ती खैरनार.
आणि त्याच्याही खाली:
टीप. सातव्या व आठव्या गाठीतील अंतर चार बोटं कमी आहे.
आठव्या गाठीपुढच्या सर्व नोंदींत तशी दुरुस्ती केली आहे.

सातवी गाठ मारताना फोन वाजला होता.
आठवतंय मला.

पाच महिने ती दोरी परत आणून
कपाटाच्या खिळ्याला ओली लटकवत होती,
"मामा, ठेवली हं," इतकंच.

सभागृहाला कुलूप घातलं, प्रयोगशाळेत गेलो,
दोरी काढली, सातवी गाठ नखाने सैल केली
आणि थांबलो.
मे महिन्यात ती पुन्हा मोजणार आहे.
मी आता नीट बांधली
तर तिचं चुकेल.